रक्तातलं विष आणि अर्धं लिंबू

कपड्याच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, पण डबे उघडायची शुद्ध कुणाला! पन्नास-साठ जणी एका टेबलाभोवती माना उंचावून उभ्या होत्या. टेबलामागे 'आरोग्यगुरू'. अंगात पांढरा कोट, खिशाला चार पेनं आणि जीभ अशी, की शिलाई मशीननं हार मानावी.

त्यानं कटिंग खात्यातल्या बाईंच्या बोटातून रक्ताचा थेंब काढला, पाण्याच्या ग्लासात टाकला आणि वर बाटलीतल्या 'पारखजला'चे दोन थेंब. पाणी चहासारखं तपकिरी!

"बघा ताई, अजून किती विष आहे रक्तात!" मग त्यानं कॅप्सूल फोडून पूड ढवळली. पाणी पुन्हा नितळ.

"अगं बाई!" घोळका थरारला.

"भाज्या-फळांत आता सत्त्व उरलंय कुठे? डॉक्टरांच्या गोळ्या तर कचऱ्यात टाका! सगळी जीवनसत्त्वं या एका कॅप्सूलमध्ये. लघवी पिवळीधमक झाली, की समजा विष निघालं!"

कारखान्याच्या दवाखान्याच्या दारातून नर्सबाई बघत होत्या. रक्त देणारी बाई त्यांची सख्खी भावजय. पंधरा दिवसांपासून याच गुरूच्या कॅप्सूलच्या भरवशावर तिनं रक्तदाबाची गोळी बंद केली होती आणि सकाळीच जिन्यात भोवळ येऊन खाली बसली होती. नर्सबाईंनी घरी दोनदा समजावलं, तर "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही" म्हणून वहिनी रुसल्या.

आता भांडून उपयोग नव्हता. नर्सबाई ग्लासभर नळाचं पाणी घेऊन पुढे झाल्या. बाटलीचा वास नाकात शिरला आणि त्या चमकल्या. रोज जखमा पुसताना येणारा तोच वास!

"गुरुजी, आता या नळाच्या पाण्याची परीक्षा करू. रक्त न घालता."

"नळाला कसला आजार, सिस्टर?" गुरू हसला, पण हात बाटलीकडे धावला. नर्सबाईंचा हात आधी पोचला. दोन थेंब, आणि पाणी तपकिरी.

"अय्या, नळालाही रक्तदाब!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा उसळला.

नर्सबाईंनी कॅन्टीनमधून अर्धं लिंबू मागवलं, पिळलं, ढवळलं. पाणी नितळ!

"हे आयोडीन. क जीवनसत्त्वानं त्याचा रंग जातो. ते कॅप्सूलमध्ये आहे, तसंच लिंबातही. रक्ताचा यात काही संबंध नाही."

"नास्तिकांसमोर औषध काम करत नाही," पुटपुटत गुरूनं बाडबिस्तरा गुंडाळला.

"मग पिवळं व्हायचं ते?" वहिनींनी हळूच विचारलं.

"शरीराला नको असलेलं ब जीवनसत्त्व, वहिनी. गरजेपेक्षा जास्त झालं, की लघवीवाटे बाहेर."

वहिनींचे डोळे भरून आले. "इतकी कशी गं मी वेडी?"

"वेड्या नाही. दुखण्याला भ्यायलात, इतकंच. चला आत, आधी रक्तदाब बघू, मग डॉक्टरांना फोन लावू."

जीवनसत्त्वं खोटी नसतात, चमत्कार खोटा असतो. तपासणीत कमतरता निघाली, तर डॉक्टर सांगतील ती गोळी जरूर घ्यावी. एरवी ताटात डाळ, भाजी, फळ असू द्यावं आणि चालू औषध कुणाच्या जिभेवर विसंबून सोडू नये. कुणी रक्तातलं विष दाखवू लागला, तर घाबरण्याआधी एवढंच म्हणावं, "हेच आता रक्ताशिवाय करून दाखवा."