गाळावरचं गवत

खाण बंद झाली तरी पंपवाल्याला दुसरीकडे काम शोधावं लागलं नाही. ज्या खड्ड्यातलं पाणी त्यानं जन्मभर उपसलं, त्याच खड्ड्याभोवती झाडं लावायचं काम निघालं आणि रोपवाटिका त्याच्या धाकट्या लेकीकडे आली. बाप लेकीच्या हाताखाली रुजू झाला. "घरातही साहेब हीच, इथंही हीच," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती फुगायची.

सुरुवातीला तिथं कावळासुद्धा फिरकत नव्हता. मग गवतानं जीव धरला, झुडपं वाढली, ससे दिसू लागले. एका सकाळी धाकटी धापा टाकत आली. "बाबा, चला! बोलू नका, खोकू नका, नुसते चला!"

उतारावर हरणं चरत होती. पंपवाल्याच्या आजोबांनी म्हणे इथं हरणं पाहिली होती. त्याच्या नशिबी ती आज आली. शेजारी धाकटी तोंडावर हात दाबून रडत होती.

पुढे एक नर जुन्या काटेरी तारेत अडकून मेला. तेव्हापासून धाकटीनं ध्यास घेतला, सगळं कुंपण काढायचं. फक्त गाळतळ्यापाशी पंपवाला जरा घुटमळला. खनिज धुतल्यावर उरणारा गाळ पूर्वी तिथं सोडत. पण आता त्यावर गुडघाभर गवत होतं, पिवळी फुलं होती. उन्हाळ्यात तो स्वतः त्यावरून चालत पलीकडे गेला होता. त्यानंच पक्कड घेतली आणि तारा कापल्या.

यंदा पाऊस फार रेंगाळला. उघडीप मिळाल्यावर दोघं दुपारी रोपं बघायला निघाले, तर तळ्याच्या काठावर एक हरणी वेड्यासारखी येरझारा घालत होती. आत, हिरव्यागार गवतात, तिचं पाडस पोटापर्यंत रुतलं होतं.

धाकटीनं फळी आणून टाकली. फळी बघता बघता गाळात गेली. पंपवाल्यानं दोराचा फास फेकला, तो पोचेना. पुन्हा फेकला, पुन्हा. पाडस दचकून धडपडे आणि आणखी खाली जाई. त्यानं झाडांचे खड्डे खणणाऱ्या मशीनवाल्याला फोन लावला.

"काका, येतो मी," तो म्हणाला, "पण एवढं जड धूड काठावर आणलं तर काठच बसेल. मला घेऊन बसेल."

पंपवाल्यानं फोन खिशात ठेवला. तेवढ्यात धाकटी गाळावर पालथी पडून सरपटू लागली होती. तिची कोपरं आत गेली तसं त्यानं झेप घेऊन तिचे पाय धरले, मागे ओढलं आणि कमरेला मिठी घातली.

"सोडा! अहो, लहान आहे ते!"

"तूही माझी लहानच आहेस."

तिनं लाथा मारल्या, त्याच्या हाताला कडकडून चावली. त्यानं हात काढला नाही. डोंगराएवढं पाणी उपसलेल्या माणसाची सगळी ताकद आता एवढ्याच कामाची उरली होती. लेकीचं काळीज त्याच्या हाताखाली धडधडत होतं आणि समोर पाडसाची मान, मग नुसतं तोंड, मग नुसते कान. ते ओरडलंही नाही. हरणी मात्र ओरडत होती.

गवत पुन्हा सरळ झालं तेव्हा धाकटीच्या अंगातला जोर गेला. "तुम्ही धरलं नसतं तर..." एवढंच ती म्हणाली. आपण दोघांनीच तारा काढल्या, हे त्याच्या ओठांवर आलं आणि त्यानं ते गिळलं.

नवं कुंपण मागवलंय. ते येईपर्यंत बापलेक रोज तळ्यावर जातात आणि हरणं हाकलतात. ज्यांच्यासाठी धाकटीनं एवढं गवत वाढवलं, त्यांच्याच मागे ती पत्र्याचा डबा बडवत धावते. हरणं उधळतात, जरा लांब जाऊन थांबतात, आणि पुन्हा येतात. गवत तिथंच सगळ्यात कोवळं आहे.

काल सगळी पांगली, ती हरणी तेवढी जागची हलेना. धाकटीनं डबा बडवला, आरडाओरडा केला. शेवटी तिनं ढेकूळ उचललं. हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मारा."

त्यानं तिच्या हातातलं ढेकूळ घेतलं आणि नेम धरून मारलं. हरणीच्या पुठ्ठ्यावर ते फुटलं. ती दोन उड्या मारून दूर गेली आणि तिथूनच तळ्याकडे बघत उभी राहिली. पंपवाला दुसरं ढेकूळ शोधायला खाली वाकला.