चार बोटांची वीण

मित्रांनो, बीडजवळच्या पालीच्या तलावावर हयात घालवलेले मी एक जुने फेकजाळे आहे. अंगावर तीन रंगांच्या दोऱ्यांची ठिगळे आहेत. वय विचाराल, तर घरच्या नाथाचे आणि माझे एकच.

नाथा पोटात होता, तेव्हा चतुराबाईने मला विणले. फार चालवत नसे, म्हणून ती दारात बसून दिवसभर गाठी मारी. हाती चार बोटे रुंदीची बांबूची चीप असे. माझे प्रत्येक भोक त्याच मापाचे.

शेजारची सत्यभामा एकदा म्हणाली, "एवढी मोठी भोकं कावून ठेवतीस गं? निम्मे मासे निसटून जातेत की."

"जाऊ दे की," चतुराबाई म्हणाली. "लहान हायत ते. पुढल्या साली मोठे होऊन आपल्याकडंच येतेत."

तिचा नवरा धुळाजी मला खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरे. त्याने झोका दिला की मी हवेत गोल उघडे. कडेच्या शिशाच्या गोळ्या मला तळाशी नेत. वर येताना रोहू, कटला, वाम माझ्या पोटात उड्या मारत. लोक काठावर वाट पाहत उभे असत. "धुळाजीचा मासा म्हंजी ताट भरून," असे ते म्हणत, आणि मला वाटे, हे कौतुक माझेच आहे. काम झाल्यावर चतुराबाई माझ्यातले शेवाळ बोटांनी हळूहळू काढी आणि मला उन्हात पसरी. ते ऊन मला अजून आठवते.

पावसाळ्यात, पोळा होईपर्यंत, मात्र मला सुट्टी असे. माशांच्या पोटी अंडी असत. "माहेरपणाला आल्यात त्या," धुळाजी म्हणे, आणि तेवढे दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाई.

नाथा मोठा झाला. त्याचे उज्ज्वलाशी लग्न झाले. त्याच सुमाराला बाजारात मच्छरदाणीसारखी बारीक नायलॉनची जाळी आली. नाथाने एक आणले. पहिली दोन वर्षे टोपल्या उतू जात होत्या. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडले. खोटे कशाला सांगू, मला हेवा वाटला.

एका आषाढात नाथाने मरळीची पिल्ले ओढून आणली. मरळीची पिल्ले लाल गुच्छासारखी एकत्र पोहतात आणि आईबाप खालून राखण करतात. तो अख्खा गुच्छ टोपलीत वळवळत होता. चतुराबाईने ती पिल्ले घागरीत घातली आणि तलावाकडे चालू लागली. निम्मी वाटेतच मेली.

नाथा चिडला. "आमी न्हाई धरली तर दुसरे धरतेत."

"दुसऱ्यानं इख खाल्लं म्हनून आपुनबी खायचं का बे?" धुळाजी म्हणाला.

बापलेक महिनाभर बोलले नाहीत.

मग तलाव भरूनही जाळी रिकामी येऊ लागली. नाथा गेवराईला गेला. तिथे हायवेवरच्या एका दुकानात समुद्राचे मासे बर्फाच्या पेट्यांतून येत, ते तो विकू लागला. दिवाळीनंतर त्याने घरी पापलेटाची पिशवी आणली. धुळाजीने एक मासा हातावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"तळहाताएवढाबी न्हाई रं."

"आता असलेच येतेत, आबा. मोठे लई कमी झालेत."

"म्हंजी समुद्रातबी तसलीच जाळी हायत," धुळाजी म्हणाला. "मला वाटायचं, तलाव लहान हाय म्हनून सरला. समुद्र तर सरायचा न्हाई."

नाथाने पिशवीचे तोंड बांधले. त्या दिवशी घरात कोणीच मासा खाल्ला नाही.

चार दिवसांनी नाथा तलावावरच्या सात घरांत जाऊन आला. पावसाळ्यात पाण्यात जाळे टाकायचे नाही आणि बारीक जाळी बंद करायची, एवढेच त्याचे म्हणणे होते. सोमनाथ नावाचा कोळी तोंडावर म्हणाला, "सगळ्यात आधी तूच आणलंतं. आधी तुझं जाळ." नाथाने आपले नायलॉनचे जाळे बांधावर आणून सगळ्यांदेखत पेटवले. काळा धूर निघाला. सोमनाथने मान खाली घातली. मग एकेक घर कबूल झाले. उज्ज्वलाने मला खुराड्यावरून काढले, धुतले आणि चतुराबाईकडून शिकून माझी फाटलेली जागा सांधली.

मासे परतले का, असे तुम्ही विचाराल. अजून फारसे नाहीत. संपवायला दोन वर्षे पुरली, भरायला किती लागतील, धुळाजीलाही माहीत नाही. हा दुसरा पावसाळा आहे. तलाव काठोकाठ भरला आहे आणि मी खुंटीवर कोरडे आहे.

मित्रांनो, पाणी दिसले की जाळ्याचा जीव त्याकडे ओढ घेतो. तरीही माझे तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. पोळा होईपर्यंत मला कोणी खाली उतरवू नका.