फोनशेजारचा साखरेचा डबा

मित्रांनो, माझ्या पोटावरचा हा पोचा पाहून हसू नका. तो कसा पडला ते आधी ऐका. मी पितळेचा एक जुना डबा, साखर ठेवायचा. माझा मुक्काम आदिलाबादजवळच्या बेल्याला, चंपतरावांच्या कापड दुकानामागच्या घरात.

१९८१ साली चंपतरावांनी दुकान टाकलं, तेव्हा भैंशा गावच्या बाजारातून त्यांनी मला आणलं. येताना माझ्यावर नाव घालून आणलं, 'सौ. रेणुकाबाई'. घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर चंपतरावांचं नाहीतर त्यांच्या वडिलांचं नाव. त्यांच्या बायकोचं नाव फक्त माझ्यावर. त्यामुळे रेणुकाबाई माझी आणि मी तिचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. सकाळी तिचा पहिला हात मला लागायचा. चिंच लावून ती मला घासायची, उन्हात पालथा घालायची. पाहुणा आला, पोराचं लग्न जमलं, सून रुख्मिणी घरात आली, प्रत्येक वेळी माझं झाकण उघडलं. घरातलं गोड जे काही होतं, ते माझ्या पोटातून निघालेलं होतं.

आणि मग १९९४ साली तो आला.

काळा कुळकुळीत, तोंडावर आकड्यांची चकती. त्याच्यावर कोणाचं नावसुद्धा नव्हतं. तरी चंपतरावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि आळीभर साखर वाटली. कोणाची साखर? माझी! त्यालाही मी एक वेळ गप्प बसलो असतो. पण रेणुकाबाईने काय करावं? तिच्या क्रोशाच्या विणकामाचं गावात नाव होतं. तिने त्या टेलिफोनसाठी पांढराशुभ्र रुमाल विणला आणि मधल्या खोलीतल्या टीपॉयवर, रुमालावर त्याला बसवला. इतकी वर्षं मी उघड्या फळीवर बसलो, मला कधी चिंधी नाही मिळाली. मित्रांनो, त्या दिवशी माझा जो जळफळाट सुरू झाला, तो पुढे वाढतच गेला.

पुढच्या वर्षी रेणुकाबाई सारखी पाणी पिऊ लागली, वाळत चालली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर आहे. झालं! दुखणं तिला आणि शिक्षा मला. चंपतरावांनी घरातली साखर बंद केली. सगळेच फिका चहा पिऊ लागले. "हा डबा वर ठेव, तिच्या नजरेसमोर नको," असं त्यांनी सुनेला सांगितलं आणि मी सर्वांत वरच्या फळीवर गेलो. पोटात तळाला थोडी साखर राहिली होती, ती तशीच राहिली.

वरून मला मधली खोली स्पष्ट दिसायची. तिथे रेणुकाबाई आता दाराला टेकून बसलेली असायची. क्रोशाची सुई खिडकीत पडून होती, तिला तिने हात लावला नाही. बोलणं कमी झालं, वेणीसुद्धा रुख्मिणीने आग्रह केला तर व्हायची. आणि ताट समोर आलं की ती म्हणायची, "मले आज उपास हाय."

आमच्याकडे उपासवाल्या बाईला कोणी आग्रह करत नाही. उपास म्हटलं की ताट उचलायचं आणि वर हात जोडायचे. सोमवार झाला, गुरुवार झाला, चतुर्थी झाली. शेजारची बयनाबाई म्हणायची, "रेणुकाबाई, देवाचं लई करता बा तुमी!" चंपतरावांना बायकोचा अभिमान वाटायचा. दुकान उघडण्याआधी ते स्वतः पाण्याचा तांब्या आणि साखर उतरवायची गोळी घेऊन तिच्यापाशी यायचे. "उपास असो नाहीतर नसो, गोळी चुकवाची नाही," असं म्हणून प्रेमाने तिच्या हातावर ठेवायचे. ती मुकाट्याने गिळायची.

मला वरून दिसत होतं. तिने देवापुढे दिवा लावलेला नसायचा. उपासाची भगरसुद्धा तशीच परत जायची. पण डब्याला तोंड असतं ते फक्त झाकण्यासाठी.

डॉक्टरांच्या दवाखान्यात कौशल्याबाई नावाच्या एक नर्स होत्या. त्यांनी रेणुकाबाईचा चेहरा पाहून सांगितलं होतं, "बसनं सारखं येनं होत नाही ना? मी दर मंगळवारी दुपारी फोन करीन." आणि त्या खरोखर करायच्या! लाइन खराब, त्यात त्यांचा आवाज वॉर्डात कमावलेला, त्यामुळे फळीवर बसून मला सगळं ऐकू यायचं. पाय सुजतात का, झोप लागते का, आज काय जेवल्या. रेणुकाबाई सांगायची, "जेवली ना. भाकर, वरन. बरी हाय मी."

धडधडीत खोटं! पण मला राग खोट्याचा नव्हता. राग याचा होता की मंगळवारी दुपारी ती उठून टीपॉयजवळ जाऊन बसायची. घरातल्या कोणासाठी न उठणारी बाई त्या काळ्यासाठी उठायची. त्याच्या कानात काय ठेवलंय एवढं? मी तिला इतकी वर्षं गोड खाऊ घातलं, आणि हा तर रिकामा! नुसती तार जोडलेली. मी वर बसून काळा पडत गेलो, आणि त्याला ती पदराने पुसायची.

श्रावण लागला. श्रावणात तर उपासांची रांगच. एका मंगळवारी फोन वाजला, तेव्हा ती खूप वेळाने पोचली. कपाळावरून घाम गळत होता.

"रेणुकाबाई?"

"हां... कोन? दिवा लावा ना, अंधार पडला."

भर दुपार होती, मित्रांनो.

"आज काय खाल्लं? खरं सांगा."

"उपास हाय."

"आन काल?"

"काल बी."

"परवा?"

रेणुकाबाईच्या हातातला रिसीव्हर मांडीत घसरला. कौशल्याबाई एवढ्या जोरात ओरडल्या की रुख्मिणी चुलीपासून धावत आली. तिने फोन घेतला.

"घोट गिळते का त्या?"

"हो, गिळते."

"तं साखरेचं पानी पाज, आताच्या आता!"

"साखर? अवो बाई, साखरेचीच तं बिमारी हाय आत्याबाईले!"

दुकानातून चंपतराव आले. त्यांनीही फोनवर तेच सुरू केलं. "डाक्टरनं मना केलं. माह्याच हातानं तिले जहर देऊ काय?"

"चंपतराव, पोटात दाना नाही आन गोळी रोज चालू हाय. अंगातली साखर उतरून गेली. तुमी बोलत राहाल तं बाई हातची जाईल!"

रिसीव्हर लोंबकळता सोडून चंपतराव फळीकडे धावले. पिंपावर चढून त्यांनी मला खाली ओढलं. माझं झाकण गच्च बसलेलं होतं. त्यांनी जोर लावला, निघेना. मी आतून म्हणत होतो, मोडा मला, पण उघडा! त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून उंबरठ्यावर आपटलं. पोट आत गेलं, झाकण उडालं. तळाची साखर दगडासारखी झाली होती. रुख्मिणीने ती उलथण्याने फोडली, पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. तिकडे फोन लोंबकळत ओरडतच होता, "पेल्या का? अवो, पेल्या का त्या?"

हळूहळू तिचा घाम थांबला. डोळे ठिकाणावर आले. "काऊन जमले रे सगळे?" तिने विचारलं. चंपतरावांनी तोंड फिरवलं आणि धोतराने डोळे पुसले.

कौशल्याबाईंनी फोनवरूनच सांगून आधी तिला भात खायला लावला आणि मग पुन्हा फोन केला. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "उपास कोन्या देवाचा होता?"

रेणुकाबाई गप्प. पलीकडेही कोणी बोलेना. मला वाटलं, लाइन तुटली. पण कौशल्याबाई थांबल्या होत्या. आमच्या घरात 'काय झालं' असं विचारून उत्तरासाठी इतकं थांबलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं.

"कोन्याच देवाचा नाही, बाई," रेणुकाबाई शेवटी म्हणाली. "घास उतरत नाही. सकाळी उठाव वाटत नाही. काऊन, ते बी मले समजत नाही. उपास म्हनलं की कोनी पुसत नाही, म्हनून म्हनते."

ती रडू लागली. चंपतराव उंबरठ्यावर माझ्या शेजारीच बसले. "अन मी रोज गोळी देत राह्यलो," एवढंच म्हणाले.

"मले बी दोन्ही झालं होतं," फोनमधून आवाज आला. "साखरेसंगं मन बी बिमार पडते. त्याचं बी औषध असते. उद्या दोघं जन या. आन तो साखरेचा डबा आता वर ठेवू नका. फोनच्या बाजूले, हाताशी ठेवा."

मित्रांनो, मी टीपॉयवर आलो. त्या काळ्याच्या शेजारी, पण रुमालाबाहेर. पाहा माझं नशीब! गोड मी दिलं, जीव माझ्या साखरेने वाचला. पण मनातलं तिने त्यालाच सांगितलं, आणि का सांगितलं तेही मला कळत होतं. विचारायला काही मला येत नव्हतं. ते विचारणं त्याच्यातून येत होतं. कळलं म्हणून जळणं थांबत नाही.

औषधं सुरू झाली. मंगळवारचे फोन चालूच राहिले. ती आता "बरी हाय" म्हणत नव्हती. वाईट दिवस असला तर वाईट सांगायची, आणि चंपतराव दुकान सोडून जवळ बसून ऐकायचे. काही मंगळवारी ती नुसतीच रडायची. फोनला उशीर झाला तर मात्र सगळ्यांत आधी माझा जीव खालीवर व्हायचा.

संक्रांतीच्या सुमारास एकदा तिने खिडकीतली सुई उचलली. पांढरा दोरा घेऊन ती काहीतरी गोल गोल विणू लागली. माझ्या अंगाची लाही झाली. आता काय, याला टोपी? विणून झालं तेव्हा तिने मला जवळ ओढलं, पोचा पदराने पुसला आणि तो गोल रुमाल माझ्या झाकणावर घातला. बरोबर बसला.

म्हणून मित्रांनो, सांगतो. घरातलं कोणी जेवणाला नको म्हणत असेल, तर लगेच ताट उचलू नका. पुन्हा विचारा, आणि विचारल्यावर थांबा. मला जन्मभर ते जमलं नाही. तुम्हाला तोंड आहे, कान आहेत, आणि तारसुद्धा लागत नाही. मला तर तुमचाही हेवा वाटतो.