झाकणाची करवत

सरजाबाईच्या घरात बोलणारी माणसं दोन होती, नवरा साहेबराव आणि पाठचा भाऊ रामकिशन. औश्याला लातूर रोडवर, घराला लागूनच दोघांचा भागीदारीतला सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं शेड, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, एक रंध्याचं मशीन आणि मधोमध करवतीचं टेबल. दिवसभर तिथून दोन आवाज यायचे, करवतीचा आणि दोघांच्या वादाचा. करवत निदान लाइट गेल्यावर थांबायची.

आणि लाइट सारखीच जायची. लातूर जिल्हा वेगळा झाल्यापासून कामाला तोटा नव्हता. नवीन कचेऱ्यांना टेबलं पाहिजेत, कपाटं पाहिजेत, शाळांना बाकं पाहिजेत. पण पावसानं पाठ फिरवली, धरणं आटली, आणि लाइट कधी येईल, किती वेळ राहील याचा भरवसा राहिला नाही. बल्ब लागला की दोघं ताटावरून उठून शेडकडे पळायचे आणि जेवढी म्हणून लाकडं चिरता येतील तेवढी धडाधडा चिरून काढायचे.

करवत लातूरच्या एका लेथवाल्यानं लोखंडी अँगल जोडून बनवून दिलेली होती. टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं, त्याच्यावर झाकण नाही, मागे आडोसा नाही. भिंतीवरचा खटका खाली केला की चालू, वर केला की बंद. मागच्या उन्हाळ्यात अशाच गडबडीत बाभळीची फळी गाठीपाशी अडकली, पात्यानं ती उलटी फेकली आणि रामकिशनच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. तेव्हापासून सरजाबाईनं एकच धोशा लावला होता, हे मशीन बदला.

"मशीनचा काय दोष हाय, आक्का?" रामकिशन म्हणायचा. "माझंच ध्यान नव्हतं."

"मग ध्यान नसलं तरी बोटं राहतील असं मशीन आणा की!"

"असं मशीन कुठं असतंय का?"

असं मशीन नांदेडला होतं. हिमायतनगरला नात्यातलं लग्न लागलं, तिथून परत येताना नांदेडला गाडी बदलायची होती, तेव्हा सरजाबाईनंच दोघांना मशिनरीच्या दुकानात ढकललं. बसवराज नावाचा दुकानातला माणूस उत्साही होता. त्यानं नवीन करवत दाखवली. पात्यावर पुढून उचललं जाणारं झाकण. पात्याच्या मागे एक पोलादी पट्टी, म्हणजे चिरलेल्या फळीची फट मिटून ती पात्याला धरत नाही आणि उलटी उडत नाही. खाली गुडघ्याजवळ मोठं लाल बटण. त्यानं मशीन चालू केलं, फळी सारली आणि मध्येच गुडघ्यानं बटण दाबलं. पातं जागच्या जागी थांबलं.

"आन हे बघा, ताई," तो सरजाबाईकडे वळून म्हणाला, कारण ऐकून घेणारी तीच एकटी होती. "लाइट गेली की बटण पडतंय. लाइट परत आली तरी मशीन आपोआप चालू होत न्हाई. हिरवं बटण दाबावं लागतंय."

साहेबराव खाली वाकून ब्रेक बघत होता. रामकिशन दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

एसटीत बसल्यावर साहेबराव म्हणाला, "घ्यायचंच." अहमदपूर येईपर्यंत घ्यायचंच होतं. मग रामकिशन म्हणाला, "झाकणाखाली रेघ दिसायची न्हाई, दाजी. आंधळ्यावानी चिरायचं का?" चाकूर येईपर्यंत साहेबरावला तेही बरोबर वाटायला लागलं. लातूरच्या स्टँडवर उतरताना तो म्हणाला, "पाऊस पडू दे. मग बघू."

"करवतीला पाऊस लागतोय का?" सरजाबाई म्हणाली.

पुढे रोज तेच. सकाळी साहेबराव नवीन मशीनच्या बाजूनं असायचा, दुपारी रामकिशनच्या बाजूनं, आणि रात्री जेवताना दोन्ही बाजूंनी एकटाच बोलायचा. रामकिशनकडे दर वेळी नवीन कारण. झाकणात भुसा अडकतो. नांदेडचं मशीन बिघडलं तर नांदेडचाच मिस्त्री. एकदा तर तो म्हणाला, "अर्धा दिवस लाइटच न्हाई. बंद मशीनइतकं सेफ काय असतंय?" आणि साहेबरावनं हे ऐकून मान हलवली. सरजाबाईनं हातातली परात खाली आपटली आणि उठून गेली.

मग एक दिवस झाडू गेला.

दुपारची लाइट फळी अर्धी चिरलेली असतानाच गेली होती. दोघं फळी तशीच ओढून काढून जेवायला घरात आले. शेडमध्ये घोट्यापर्यंत भुसा साचला होता, म्हणून सरजाबाई झाडू घेऊन तिकडे गेली. टेबलाखालचा ओढला, वरचा ओढायला लागली. पात्याच्या बाजूला डिंकानं चिकटलेला भुसा होता. ती झाडूच्या बुडख्यानं तो खरवडत होती, तेवढ्यात वर बल्ब लागला आणि झाडू तिच्या हातातून गेला. कुठे गेला ते तिला कळलंच नाही. फडाफड आवाज झाला, शिंदीच्या काड्या तोंडावर उडाल्या, आणि समोर पातं पूर्ण वेगात फिरत होतं. कुणी खटक्याला हात लावला नव्हता. खटका खालीच राहिला होता.

ती भिंतीला टेकली. आधी तिनं दोन्ही हात वर धरून बघितले. मग खटका वर केला. पातं थांबायला बराच वेळ लागला. ते पूर्ण थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.

दोघं धावत आले.

"काय झालं?"

"बघा काय झालं ते."

साहेबरावनं काड्या बघितल्या, खटका बघितला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आता हे दोघं काहीतरी शहाण्यासारखं बोलतील असं सरजाबाईला वाटलं.

"रामकिशन, खटका तू चालू ठिवलास."

"म्या? शेवटी मशीनवर कोण होतं? तुमीच की!"

"मी फळी धरून होतो. खटक्यापाशी तू उभा होतास."

"उभा होतो म्हून काय माझा जिम्मा का?"

संध्याकाळपर्यंत हेच चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथूनच सुरू. कुणीही तिला विचारलं नाही की तुझा हात बरा आहे का. मनगटाला जिथे झटका बसला होता तिथे सूज आली होती. तिनं स्वतःच हळद लावून फडकं बांधलं.

तोडगा साहेबरावनं काढला. एका फळीला पांढरा रंग मारला आणि वर लाल अक्षरात लिहिलं, "लाइट गेल्यास खटका बंद करावा." फळी खटक्याच्या वर ठोकली. अक्षर सुंदर होतं. रस्त्यानं जाणारे दोघेतिघे आत येऊन बघून गेले.

"झालं का आता समाधान?" त्यानं विचारलं.

आठवडाही झाला नसेल, सगळे घरात असताना लाइट आली आणि शेडमधून करवतीचा आवाज सुरू झाला. रिकाम्या शेडमध्ये, त्या सुंदर पाटीखाली, पातं एकटंच गरागरा फिरत होतं.

साहेबराव आणि रामकिशन एकमेकांकडे बघायला लागले. दोघांचीही तोंडं उघडली. त्याआधीच सरजाबाई म्हणाली, "खटका कोणी चालू ठिवला ते मला सांगू नका. जो पयला बोलंल त्याला आज जेवाय न्हाई."

तिनं स्वतः जाऊन खटका बंद केला. परत येऊन साहेबरावसमोर उभी राहिली.

"आवं, तुमी शिकलेले हाव. दोन माणसं विसरतेत, हे तुमच्या ध्यानात आलं का न्हाई?"

"आलं."

"पाटी लावून बी विसरतेत?"

"हाव."

"मग न विसरणारं मशीन आणा. तो नांदेडचा माणूस काय म्हणला होता? लाइट आली तरी ते थांबून राहतंय. म्या ऐकलं. तुमी दोघं कुठं होताव?"

साहेबरावनं मान खाली घातली. "मी तर पयल्यापासून घ्यायचंच म्हणून राहिलो. रामकिशनच न्हाई म्हणतोय."

रामकिशन बाहेर निंबाखाली जाऊन बसला होता. झाडाला पानं उरली नव्हती, सावली म्हणून फक्त फांद्यांच्या रेघा. सरजाबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"खरं सांग. रेघ दिसत न्हाई, भुसा अडकतो, हे नगं. काय हाय ते बोल."

तो अर्धी बोटं दुसऱ्या हातानं चोळायला लागला.

"आक्का, शेड दाजीचं. रंध्याचं मशीन दाजीनं आणलं. सायबाशी बोलतेत तेच. माझं काय हाय इथं? माझा हात. ही करवत कुणाला चालवता येत न्हाई. दाजीला बी नीट येत न्हाई, वाकडं चिरतेत. ते झाकणाचं मशीन आलं की कुणीबी चालवंल. उद्या आठ दिवस शिकलेला गडी बी चालवंल. मग मला कामून ठिवायचं?"

सरजाबाईला एकाच वेळी त्याला जवळ घ्यावंसं आणि एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"म्हून तू मरायचं मशीन सांभाळून राहिलास?"

"मरायचं कशाला. ध्यान ठिवलं तर..."

"ध्यानाचं नाव काढू नको. अरे, भागीदार हाईस तू. गडी न्हाईस. ह्या माणसाला तुझ्याबिगर एक दिवस करमत न्हाई. भांडायला कोण हाय त्याला? माझ्याशी भांडून तो जिंकतोय का?"

रामकिशनला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं.

"दाजी म्हणले का असं?"

"ते कशाला म्हणतील? त्यांना पाट्या रंगवायच्या हाईत." तिनं तिथूनच हाक मारली, "आवं! इकडं या आन ह्याला सांगा, नवीन मशीन आलं तरी कारखाना दोघांचाच हाय म्हून."

साहेबराव दारात आला आणि खरंच गोंधळला. "दोघांचाच हाय की. मग कुणाचा?" मग म्हणाला, "मला सरळ चिरता येत न्हाई, हे काय तुला आज कळलं का?"

एवढंच बोलणं झालं. पण रामकिशन उठला आणि पाणी प्याला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून नांदेडला गेले.

नवीन करवत टेम्पोतून आली. बसवायला दोन दिवस गेले, कारण टेबल कुठल्या अंगानं ठेवायचं यावर एकमत होत नव्हतं. रामकिशननं पहिल्याच फळीला झाकणाला शिवी दिली, दुसऱ्या फळीला झाकणाच्या पुढच्या कडेवर खिळ्यानं एक खूण कोरली आणि तिसरी फळी खुणेवर रेघ धरून चिरली. ती अगदी सुतात, सरळ निघाली. साहेबरावनं पाठोपाठ एक चिरून बघितली. ती वाकडी निघाली. रामकिशन त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

राहिली जुनी करवत. जळकोटचा गुरुपादप्पा नावाचा सुतार ती बघायला आला. साहेबरावचं त्याच्याशी विकण्याचं बोलणंही होत आलं होतं. सरजाबाई मध्ये पडली.

"द्यायची न्हाई. मोडून भंगारात घाला."

"अगं, चालू मशीन हाय!"

"चालू हाय म्हूनच. ह्याच्या बायकोनं बी भुसा झाडायचाच हाय न?"

गुरुपादप्पाला काही कळेना. मग तिनं त्याला सगळं सांगितलं, खटक्याचं, लाइटचं, झाडूचं. त्यानं शांतपणे ऐकलं, करवतीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "एवढंच न? माझ्या हिरीवरच्या पंपाचा स्टार्टर घरी पडून हाय. हिरीत पाणीच न्हाई तर त्याला काय करू? तो लावतो ह्याला. लाइट गेली की पडतंय ते. आपोआप चालू व्हायचं न्हाई."

रामकिशननं साहेबरावकडे बघितलं. त्याचे डोळे चमकायला लागले होते. "ऐकलंत का, दाजी? स्टार्टर! पंपाचा साधा स्टार्टर! आन आपण नांदेडहून मशीन आणलं!"

"म्हणजे... लावता आला असता," साहेबराव म्हणाला. "माझ्या डोक्यात कसं आलं न्हाई?"

"तुमी पाटी रंगवत होताव!"

"तू तरी म्हणायचं होतंस!"

"म्या तर पयल्यापासून म्हणून राहिलो, नवीन नगं म्हून!"

सरजाबाईनं कपाळाला हात लावला. "रामकिशन, तुझी बोटं गेली तवा लाइट होती का न्हवती?"

"होती."

"मग स्टार्टरनं काय केलं असतं?"

"काय न्हाई."

"फळी उलटी कशानं आली?"

तो नवीन करवतीकडे, पात्यामागच्या पट्टीकडे बघत राहिला. ती गुरुपादप्पाकडे वळली. "दादा, नुसत्या स्टार्टरवर न्यायची न्हाई. झाकण आन मागची पट्टी, दोन्ही बसवून न्या. हे दोघं करून देतील. बसल्याशिवाय करवत इथून हलायची न्हाई."

गुरुपादप्पा हो म्हणाला. लेथवाल्याकडून पट्टी आणायची ठरलं. ती वळून घराकडे निघाली, तर पाठीमागे रामकिशन म्हणत होता की पट्टी पात्यापेक्षा जाड पाहिजे, आणि साहेबराव म्हणत होता की पातळ. गुरुपादप्पा मध्ये उभा राहून कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. सरजाबाईनं घरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि दार लावून घेतलं.