कर्ण्यातून आलेली शाळा

मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, तोंड पसरलेला, एका बाजूला पोचा आलेला. काही जण मला भोंगा म्हणतात. मला ते आवडत नाही. भोंगा मिलचा असायचा, तो माणसांना कामावर बोलवायचा. मी चाळीचा. लालबागच्या आमच्या चाळीत मी बोललो की माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात. ही सवय तुम्ही ध्यानात ठेवा मित्रांनो, कारण पुढची सगळी गंमत त्या सवयीनेच केली.

मंडळाने मला गणपतीसाठी घेतलं होतं. आरती म्हटली, हरवलेली पोरं पुकारली. मजेत होतो. मग मिलचा संप आला.

संपात माझ्यातून महादेव परब बोलायचे. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस, आवाज खणखणीत. आधी ते सांगायचे, "उद्या नाक्यावर सभा आहे, सगळ्यांनी या." मग महिने गेले, सभा कमी झाल्या. नंतर ते एवढंच सांगायचे, "धान्य आलंय, पिशव्या घेऊन खाली या." पहिल्यांदा ते असं बोलले तेव्हा त्यांची मुलगी बकुळा शाळेचं दप्तर घेऊन खाली धावली. चौथीत होती. घरात दुसरी धड पिशवी नव्हती. पुस्तकं तिने खाटेवर काढून ठेवली आणि दप्तरात तांदूळ आणले. मी वरून बघत होतो. ती पुस्तकं परत दप्तरात गेली नाहीत. बकुळा आईबरोबर मसाला कुटायच्या गिरणीत, डंखावर जायला लागली, मिरच्या निवडायला.

मिल बंद झाली ती झालीच. महादेव गेले. मंडळाने मोठाले काळे स्पीकर आणले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे धूळ, तुटका कॅरम आणि मी. वर्षं किती गेली, ते मी मोजलं नाही.

मग तो आजार आला, ज्यात सगळं बंद झालं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका संध्याकाळी रामदास माळ्यावर चढला. रामदास म्हणजे मंडळाचा साउंडवाला. त्याने मला फडक्याने पुसलं आणि खाली हाक मारली, "बकुळाक्का, हा चालेल बघ."

बकुळा आता पन्नाशीला आलेली. लग्न केलं नाही, वडिलांच्या खोलीतच राहते. डंखाच्या धडधडीत राहून राहून कानाने कमी ऐकू येतं. आणि मित्रांनो, ती गुपचूप रात्रशाळेत जायची. दहावीला. चाळीत कोणाला सांगितलं नव्हतं. देवळात जाते म्हणायची. शाळा बंद झाल्यावर तिथल्या मृणालिनीबाईंनी मोबाइलवर वर्ग सुरू केला. पण मोबाइलचा आवाज बकुळाला पोचेना. कानात घालायच्या त्या वायरीनेही भागेना. वर्ग बुडाले तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. शाळा एकदा सुटलेली, आता दुसऱ्यांदा सुटणार होती. म्हणून तिने एकट्या रामदासला गुपित सांगितलं.

"हळू लाव हां," ती रामदासला म्हणाली. "माझ्यापुरताच."

आता कर्ण्याला हळू कसं बोलता येणार? त्यात रामदासच्या हाताला गणपतीची सवय. त्याने मला गॅलरीच्या कठड्याला बांधलं, तोंड चौकाकडे, आणि मोबाइलची वायर जोडली. मी खरखरलो. चाळीला वाटलं मंडळाची घोषणा आहे. सगळे आपापल्या दारात.

"बकुळाताई परब, आवाज येतोय का?" मृणालिनीबाई माझ्यातून बोलल्या. "आज दहावीचं विज्ञान. पाण्यात काठी घातली की ती वाकडी का दिसते?"

वरच्या मजल्यावरचा आनंदा ओरडला, "काय गो बकुळाक्का, आता कलेक्टर होतस काय?"

चाळ हसली. बकुळा लालबुंद. तासाच्या शेवटी बाई म्हणाल्या, "काठीचं कारण उद्या सांगते," आणि वर्ग संपला. बकुळाने वायर उपटली. "रामदास, काढ तो कर्णा. या वयात माझा तमाशा झाला सगळ्यांसमोर. बस झाली शाळा." दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामदास माझी दोरी सोडायला आला. तेवढ्यात शेजारच्या गंगुबाई बादली घेऊन बाहेर आल्या. ऐंशीची म्हातारी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात स्वतःची काठी. त्यांनी काठीनेच बकुळाचं दार वाजवलं.

"बकुळा, दार उघड गो. मी बादलीत काठी घालून बघलंय. वाकडीच दिसता. कित्या ता त्या बाईन सांगूक नाय."

"मावशी, मी शाळा सोडली."

"तू सोड. माका कळूक होया."

बकुळाने दार उघडलं. बघते तर गॅलरीत प्रत्येक दारात बादली. कोणी लाटणं बुडवलंय, कोणी छत्री. आनंदा आंघोळीची बादली घेऊन जिन्याजवळ, तोंडावर मास्क. तो म्हणाला, "हसलंय तर हसलंय. आता पुढचा ऐकूचा नाय काय?"

बकुळाने मोबाइल रामदासच्या हातात दिला.

मी खरखरलो. बाईंनी हजेरी सुरू केली. "बकुळा परब?"

बकुळा अजून त्या बादल्याच बघत होती. तेव्हा आख्खी गॅलरी ओरडली, "हजर."

"अहो, माझ्या वर्गात एकच बकुळा आहे," बाई म्हणाल्या. "ती कुठाय?"

बकुळाने मोबाइल तोंडाशी धरला. "मी बाई. हजर."

आवाज अगदी महादेवांचा. मी उगाच सांगत नाही, मी दोन्ही आवाज जवळून ऐकलेत.

ती दहावी पास झाली. काठी नाही, पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकतो, हे कारण गंगुबाईंना समजलं, पण पटलं नाही. त्या अजून म्हणतात, दोष पाण्याचा.

आता चाळ पडणार आहे, टॉवर होणार आहे. मला कोण नेईल माहीत नाही. नका नेऊ. पत्राच आहे, भंगारात गेलो तरी चालेल. फक्त एक सांगतो मित्रांनो. टॉवरमध्ये प्रत्येकाच्या खोलीत, प्रत्येकाच्या कानात वेगळी शाळा असेल. शिका, चांगलं आहे. पण शेजारी कोणाला ऐकू येत नसेल, तर कानातली वायर काढा, दार उघडा, आणि आवाज थोडा मोठा करा.