दोनशे अठ्ठेचाळीस गुणिले सत्त्याण्णव

फरश्यांच्या गोदामात मोजणीचं काम करणाऱ्या बाईला सगळे ‘तोंडी’ म्हणत, कारण तिने हिशेबासाठी कागद घेतलेला कुणी पाहिला नव्हता. लांबीला किती फरश्या, रुंदीला किती, एवढं सांगितलं की ती उभ्या उभ्या उत्तर देई. युक्त्या साध्याच होत्या. पंचवीसने गुणायचं तर दोन शून्यं देऊन चारने भागायचं. सत्त्याण्णवने गुणायचं तर शंभरपट करून त्यातून तिप्पट वजा करायची. लहानपणी भांडी घासता घासता आईने तिला आणि थोरल्या भावाला हे शिकवलं होतं. भावाच्या डोक्यात ते कधी शिरलं नाही. तो फरश्या बसवायला लागला आणि आकड्यांसाठी बहिणीवर विसंबून राहिला.

एका शाळेच्या पोहण्याच्या तलावाचं काम आलं. तळाला तळहाताएवढ्या निळ्या फरश्या बसवायच्या होत्या. नवी इंजिनिअर मुलगी कॅल्क्युलेटर घेऊन उभी होती.

“दोनशे अठ्ठेचाळीस ओळी,” भाऊ म्हणाला, “एका ओळीत सत्त्याण्ण—”

“तेवीस हजार छप्पन्न,” तोंडीने त्याचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

“माझ्याकडे चोवीस हजार छप्पन्न येतंय,” इंजिनिअर म्हणाली.

“बटण दाबणारं बोट चुकतं, मॅडम. हिचं डोकं नाही चुकत,” भाऊ म्हणाला. सगळे हसले. नोकरीला जेमतेम दीड महिना झालेली ती मुलगीही ओशाळून हसली. ठेकेदाराने तोंडीचा आकडा धरला, तुटफुटीसाठी पाचशे वाढवले आणि माल मागवला.

तीन आठवड्यांनी उथळ बाजूच्या सात ओळी उघड्या राहिल्या आणि खोकी संपली. कारखान्याकडे त्या रंगाचा माल उरला नव्हता. पुढचा लॉट जरा गडद होता. ठेकेदाराचा पारा चढला. हव्या होत्या त्याहून पाचशे जास्त आणल्या, तरी कमी कशा पडल्या? त्याने वॉचमनला बोलावलं. “माल तुझ्या ताब्यात होता. उद्या सकाळपर्यंत आठव, नाहीतर चालू लाग.” वॉचमन शपथा घेत राहिला. इंजिनिअर त्या आठवड्यात दुसऱ्या कामावर होती.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता तोंडीने गणित पुन्हा केलं. चोवीस हजार आठशे. त्यातून सातशे चव्वेचाळीस. आठशेतून सातशे चव्वेचाळीस गेले की छप्पन्न उरतात. हजाराला हातच लावायचा नाही. तिने लावला होता. एक हजार फरश्या तिच्या जिभेवरच गळाल्या होत्या. सुरी खाली ठेवून तिने भावाला फोन केला.

“कुणाला कळलंय?” त्याने विचारलं.

“कुणाला नाही.”

“मग गप्प बस. वॉचमनला दुसरीकडे काम मिळेल. तुझं नाव गेलं तर परत मिळायचं नाही. आणि मी भर कामावर काय बोललो होतो, आठवतंय ना?”

“आठवतंय, दादा. म्हणूनच सांगते आहे.”

त्याने फोन ठेवून दिला.

सकाळी ती ठेकेदारासमोर जाऊन उभी राहिली. चूक माझी आहे, म्हणाली. त्याने मान हलवली. “तुम्ही? उगाच त्या माणसाची कणव येऊन स्वतःवर घेऊ नका.” ती पुन्हा म्हणाली, त्याने पुन्हा तेच सांगितलं. वीस वर्षांत एकदाही न चुकल्याचा असा उपयोग होईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. शेवटी ती तलावात उतरली, उघड्या सिमेंटवर खडूने वजाबाकी मांडली आणि ठेकेदाराला खाली बोलावलं. त्याने बोटाने एकेक आकडा तपासला. मग वर उभ्या असलेल्या वॉचमनकडे बघून म्हणाला, “जा, गेटवर जा.”

वॉचमन गेला. तिच्याशी मात्र तो पुढे कधी बोलला नाही. तिनेही त्याच्या मागे लागून पुन्हा पुन्हा माफी मागितली नाही. एकदाच मागितली होती, त्याने ऐकून घेतली होती. उथळ बाजूला सात गडद ओळी बसल्या. तोंडी इंजिनिअरकडे जाऊन म्हणाली, “तुमचा आकडा बरोबर होता. मला तुमच्यापेक्षा आधी बोलायचं होतं, एवढंच झालं.” इंजिनिअरने चहा मागवला. तेव्हापासून प्रत्येक आकडा कागदावर जाऊ लागला, खाली दोघींच्या सह्या होऊ लागल्या.

भावाने दोन महिने अबोला धरला. मग एका दुपारी फोन आला, नमस्कार-चमत्कार काही नाही.

“तीनशे शहाण्णव ओळी, एकेका ओळीत दोनशे पंधरा.”

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. “थांब, कागद घेते.”

“इथे सिमेंट कालवून ठेवलंय, ते सुकेल!”

“सुकू दे.” तिने दोनशे पंधराची चारशेपट लिहिली, त्यातून चौपट वजा केली, उत्तर एकदा उलट बाजूने पडताळून पाहिलं. “पंच्याऐंशी हजार एकशे चाळीस. आता तूही करून बघ.”

“मला कुठे येतं ते?”

“सोपं आहे. आधी चारशेने गुण.”

पलीकडून बराच वेळ नुसतं पुटपुटणं ऐकू येत राहिलं. ती फोन कानाला लावून बसून राहिली.