पाच ग्रॅम, चोख!

सभागृहात खुर्च्या तीनशे होत्या आणि माणसं पाचशे. उरलेली दोनशे भिंतींना टेकून, खिडक्यांतून माना घालून मुळीबाबांचा चमत्कार बघायला थांबली होती. व्यासपीठावर लाकडी खुर्चीत एक निवृत्त गृहस्थ बसवले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर असा थरथरत होता, की पहिल्या रांगेतल्या बाईंना वाटलं, हे तबला वाजवताहेत.

हे गृहस्थ म्हणजे काटेसाहेब. वजनमाप खात्यातले निरीक्षक. नाव वेगळंच होतं, पण पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक नुसत्या बोटाने शोधणाऱ्या माणसाला दुकानदारांनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन जडला आणि काट्याचाच काटा थरथरू लागला. मेहुण्याच्या आग्रहाने ते आज आले होते. "थट्टा करायला चाललोय," असं बायकोला सांगून.

"विज्ञान जिथं बसतं, तिथून मुळी उठते!" मुळीबाबा माइकमध्ये गरजले. "आमच्या मुळीला साइड इफेक्ट नाही, कारण तिला साइडच नाही, ती सरळ आहे! काय काका, दोन दिवस डॉक्टरी गोळ्या बंद?"

"बंद."

"सकाळपासून पोटात काही नाही?"

"पाणीसुद्धा नाही."

"शाब्बास! भांडं रिकामं असलं की अमृत मावतं."

पुडी जिभेवर पडली. मग चाळीस मिनिटं सगळ्या सभागृहाने मौन पाळलं. बाबांनी काठोकाठ भरलेला पेला पुढे केला. काटेसाहेबांनी तो उचलला, ओठांपर्यंत नेला, परत खाली ठेवला. थेंब सांडला नाही! सभागृह उठून उभं राहिलं. काटेसाहेब बाबांच्या पायाशी वाकायला गेले आणि काय सांगावं, चक्क वाकले. दोन दिवस लाकूड झालेली पाठ वाकली, तेव्हा थट्टा करायला आलेला हा माणूस ढसाढसा रडला.

तरी मुळात निरीक्षक. घरी आल्याबरोबर त्यांनी माळ्यावरचा पितळी तराजू काढला आणि महिनाभराच्या पुड्या एकेक करून तोलल्या. प्रत्येक पुडी पाच ग्रॅम. एका तिळाचाही फरक नाही.

"तीस वर्षांत एवढा प्रामाणिक माणूस पाहिला नाही!" ते ओरडले.

"अहो, वजन बरोबर आहे," बायको म्हणाली, "पण आत आहे काय?"

"माल तपासणं आमच्या खात्यात नव्हतं."

"खात्यात नव्हतं म्हणून डोक्यातही नसावं?"

त्यांनी तराजू पुसून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मुळी सुरू झाली. बाबांनी गोळ्या सोडायला सांगितलं होतं, पण काटेसाहेबांनी त्या गुपचूप चालू ठेवल्या. दोन्ही डगरींवर हात! डॉक्टरला मुळीचं बोलायचं नाही, बाबांना गोळ्यांचं. हा शहाणपणा त्यांना इतका आवडला, की आरशात बघून ते स्वतःशीच हसले.

शेजारी मास्तरीणबाई राहत. आयुष्यभर गणित शिकवलेल्या, आणि दुखणं हेच. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "बाबाचं मला सांगू नका. तुम्ही स्वतः खात्री केलीत का?"

"मी स्वतः तोललंय, बाई."

गल्लीत काटेसाहेबांचा शब्द म्हणजे शिक्का. बाईंनी मुळी आणली आणि बाबांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या सोडल्या. "मी मात्र सोडलेल्या नाहीत," एवढं एकच वाक्य काटेसाहेबांनी सांगायचं होतं. ते तोंडाशी येऊन परत गेलं. शिक्केवाल्या माणसाने दोन दगडांवर पाय ठेवलाय, हे शेजारी कसं सांगायचं?

आठवड्याभरात काटेसाहेबांची थरथर गेली, पण तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. खांदे, मान, पाय आपोआप झुलू लागले, जणू माणूस खुर्चीत नव्हे, होडीत बसलाय.

"थरथर गेली आणि नाच आला," बायको म्हणाली. "बाबांना म्हणावं, वाजंत्रीही पाठवा."

पुढे कपाटावर एक करडं मांजर येऊन बसू लागलं. काटेसाहेब रोज त्याच्यासाठी बशीत दूध काढून ठेवत. तिसऱ्या दिवशी बायको शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्याकडे मांजर नाही."

ते यावर विचार करत होते तेवढ्यात मास्तरीणबाईंची मुलगी धावत आली. "काका, आई अंथरुणात वळत नाहीये. लाकडासारखी झालीय. अंगात ताप आहे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या तापलेल्याच. "गोळ्या एकदम बंद करायला कोणी सांगितलं? जीव जाऊ शकतो अशाने!"

"बाबांनी," मुलगी म्हणाली. मग काटेसाहेबांकडे न बघता, "आणि काकांनी खात्री दिली होती."

डॉक्टरीणबाईंची नजर खुर्चीत झुलणाऱ्या काटेसाहेबांवर स्थिरावली. "तुम्ही बंद केल्या होत्यात?"

तीस वर्षं लोकांची मापं पकडणाऱ्याचं माप असं भर ओसरीत पकडलं गेलं.

"नाही," ते म्हणाले.

त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात मुलीने काढून घेतला.

दोन्ही घरच्या पुड्या प्रयोगशाळेत गेल्या. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. "तुमच्या पुड्यांत माझीच गोळी कुटून घातलीय. एकीत दोन, एकीत पाव. तुमच्या गोळ्यांवर ती चढली, म्हणून ते झुलणं आणि ते मांजर. बाईंच्या पुड्यांत नुसतं भाजलेलं पीठ."

"पण वजन सगळ्यांचं..."

"पाच ग्रॅम. चोख!" त्या हसल्या नाहीत. "दोन दिवस गोळी बंद केली की माणूस आखडतो. मग उपाशीपोटी तीच गोळी दिली की चाळीसेक मिनिटांत सुटतो. मौन न पाळताही सुटतो."

"म्हणजे झाडपाला सगळा थोतांड?"

"असं कुठं म्हटलं मी? खाजकुयलीच्या बियांत हेच औषध निसर्गतःच असतं. म्हणून तर जपायचं. किती आहे ते ठाऊक हवं, आणि मला ठाऊक हवं. काही घ्यायचं मनात असेल तर आधी सांगा. चालणारं असेल तर कागदावर लिहू, गोळ्यांचं प्रमाण बदलू. तुम्ही काय केलंत? एका भांड्यात दोघांनी मीठ घातलं, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं नाही."

मास्तरीणबाईंचा ताप उतरला होता, पण आवाज अजून कुजबुजल्यासारखा यायचा. काटेसाहेब खाटेशी मान खाली घालून बसले. "बाई, चूक झाली" म्हणायला तोंड उघडलं, तर बाईच म्हणाल्या, "रविवारी पुन्हा कार्यक्रम आहे ना? फलकावर तुमच्याबद्दल छापलंय म्हणे?"

"वजनमापवाल्यांनी तोललेली मुळी."

"किती लोक येतील?"

"पाचशे."

"मग इथं काय करताय?"

रविवारी काटेसाहेब पुन्हा त्याच खुर्चीत बसले. मुळी सुटली होती, त्यामुळे झुलणं आणि मांजर दोन्ही गेलं होतं. थरथर तेवढी इमानाने परतली होती. बाबांनी पुडी दिली. काटेसाहेबांनी तोंड वासलं, मान मागे टाकली, वर पाणी प्यायले. पाणी पोटात गेलं, पुडी रुमालात. चाळीस मिनिटं मौन झालं. मग भरलेला पेला उचलला, ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला. थेंब सांडला नाही.

"पाहा!" बाबा गरजले. "मुळीचा प्रताप पाहा!"

काटेसाहेबांनी रुमाल उलगडला. "बाबा, ही तुमची पुडी. घडी मोडलेली नाही. मी आत येताना दारातच डॉक्टरांची गोळी घेतली होती."

बाबा क्षणभरच अडखळले. "मुळी जवळ बाळगली तरी तिची हवा लागते!"

"मग पुढच्या माणसाला पुडी देऊच नका, नुसती हवा द्या," मागून कुणीतरी म्हणालं. हशा उसळला.

काटेसाहेबांनी अहवाल वाचून दाखवला. दोन गोळ्या, पाव गोळी, भाजलेलं पीठ. वाचून होईपर्यंत बाबांची खुर्ची रिकामी झाली होती आणि व्यासपीठामागचं दार वाऱ्यावर हलत होतं.

"बाबांना नंतर हसा," काटेसाहेब म्हणाले. "आधी मला हसा. मी पुड्या तोलल्या आणि आत काय आहे ते पाहिलं नाही. स्वतः गोळ्या घेत राहिलो आणि शेजारणीला सांगितलं नाही. बाबांनी फसवलं ते पिठाने. मी फसवलं ते माझ्या नावाने. कोण सांगतंय ते बघू नका, काय देतंय ते विचारा. आणि डॉक्टरपासून लपवून मुळी घेऊ नका, बाबापासून लपवून गोळी घेऊ नका. लपवावं लागतंय, तिथंच माप खोटं आहे."

संध्याकाळी त्यांनी सगळं मास्तरीणबाईंना सांगितलं.

"किती गुण देता, बाई?"

"शून्य. दुसरं गणित सुटलं म्हणून पहिल्याचे गुण मिळत नाहीत." बाईंनी आखडलेला हात हळूहळू पुढे केला. "पाणी द्या जरा. काठोकाठ नको. अर्धाच."

काटेसाहेबांनी अर्धा पेला भरला. थोडं त्यांच्या हातून सांडलं, थोडं बाईंच्या. उरलेलं बाई प्यायल्या.